टीप बिघडली तर दोष कुठं शोधावा?

मे महिना सरत आला की खेडोपाडी शिवणकाम करणाऱ्या बायांची घाई सुरू होते. जूनमध्ये शाळा उघडायची. चड्ड्या, सदरे, फ्रॉक सगळ्यांनाच एकदम हवे असतात. आणि नेमकं त्याच वेळी मशीन रुसतं! खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं, टाके सुटतात, वीतभर शिवलं की दोरा तुटतो. मग तालुक्याच्या कारागिराला निरोप जातो, तो येईतो आठ दिवस मोडतात, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

आमच्या घरी असंच झालं होतं. काकू शाळेच्या मुलांचे कपडे शिवून देत. एकदा टिपेच्या खालच्या बाजूला गुंते येऊ लागले. गुंता खाली, म्हणजे दोष बॉबिनचा, असं मी ठरवून टाकलं आणि बॉबिन केसवरचा स्क्रू पिळायला बसलो. पिळता पिळता तो तिळाएवढा स्क्रू निसटला आणि सारवलेल्या जमिनीच्या भेगेत गेला तो गेलाच. शेवटी बाजारच्या गावचे एक वयस्क शिंपी आले. त्यांनी नवा स्क्रू बसवला, माझी पिळापिळी निस्तरली; पण गुंता थांबला तो त्यानं नव्हे. त्यांनी कापड दाबणारा पाय वर उचलला, वरचा दोरा सगळा काढून पुन्हा ओवला. बस्स! टीप सरळ पडू लागली. तोवर काकूंच्या हातचं निम्मं काम मात्र गेलं होतं.

गुंता खाली आणि दोष वर, हे कसं काय? त्यासाठी टाका कसा पडतो ते पाहू. हातानं शिवताना दोरा एकच असतो आणि सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं नेढं अणीजवळ असतं. अमेरिकेतल्या एलायस हौ यांनी 1846 साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात अशीच सुई आणि दोन दोरे होते. आपलं घरचं मशीन अजून त्याच तत्त्वावर चालतं. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते. वर येताना ती किंचित उठली की तिच्याजवळ दोऱ्याचा लहानसा फास होतो. खालच्या शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग वरचा दांडा, तोच तो वरखाली नाचणारा, दोरा पुन्हा वर ओढून घेतो. दोन्ही दोऱ्यांची आढी कापडाच्या पोटात बसली की टाका चांगला.

आता वरच्या दोऱ्याला कुणी धरलेलंच नसेल, तर खाली गेलेला फास घट्ट होऊन वर येत नाही. तो सैलच राहतो आणि कापडाखाली जाळं होतं. म्हणून खाली गुंता दिसला की आधी वर बघा.

वरच्या दोऱ्याला धरतात त्या ताणाच्या दोन चकत्या. पाय वर असला की त्या उघडतात, पाय खाली आला की मिटतात. पाय खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये शिरत नाही, नुसता काठावर बसतो. दिसायला सगळं बरोबर, आणि टीप मात्र वाईट! तेव्हा ओवण्याआधी पाय वर घ्यावा, आणि चाक आपल्याकडे फिरवून दांडा अगदी वर आणावा. मग रिळावरून दोरा घेऊन वरच्या अडकणीतून चकत्यांच्या मध्ये, तिथल्या तारेच्या स्प्रिंगमधून दांड्याच्या भोकात, तिथून खाली अडकणीतून सुईकडे. दांड्याचं भोक चुकलं तर दोन टाक्यांतच घोटाळा होतो. ओवून झालं की परीक्षा घ्या. पाय वर असताना दोरा सुईजवळ ओढला तर सहज यावा. पाय खाली टाकून ओढला तर अडावा. अडला नाही, तर पुन्हा ओवा.

सुई कशी बसवायची, यावर मात्र पुष्कळांची गल्लत होते. सुईच्या जाड भागाची एक बाजू चपटी असते, आणि तिच्या समोरच्या बाजूला लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूनं शिरून चपट्या बाजूला निघाला पाहिजे. चपटी बाजू शटलकडे हवी, कारण फास तिकडेच होतो. सुई उलटी बसली, थोडी वाकली, किंवा वरपर्यंत गेली नाही, की शटलला फास सापडत नाही आणि टाका सुटतो. टाके सुटले की पहिल्यांदा सुई बदला. मलमलीला 11 नंबर, नेहमीच्या सुती कापडाला 14, जाड खादी-ड्रिलला 16. विणीच्या बनियनसारख्या कापडाला गोल टोकाची सुई लागते.

बॉबिन सारखी भरावी, गच्च फुगवू नये. दोरा केसच्या फटीतून स्प्रिंगच्या पट्टीखाली ओढून वीतभर सोडावा. दोरा धरून केस लोंबती ठेवली तर ती तशीच राहावी, आणि हाताला हलका झटका दिला की दोन बोटं खाली सरकावी. एवढं जमलं तर त्या स्क्रूला हात लावू नका, माझ्यावरून सांगतो! केस बसवली की सुईचा दोरा डाव्या हातात धरून चाक एकदा आपल्याकडे फिरवा. खालचा दोरा वर येईल. दोन्ही टोकं पायाखालून मागे घ्या.

तरीही शंका राहिली तर वर तांबडा आणि खाली पांढरा दोरा घालून दुहेरी चिंधीवर टीप मारा. खालच्या बाजूला तांबडे ठिपके किंवा फास दिसले, तर वरचा ताण सैल आहे. बटण थोडं घट्ट करा. वरच्या बाजूला पांढरा दोरा डोकावला, तर वरचा ताण जास्त आहे. एका वेळी अर्धा आकडा, आणि दर खेपेला नवी टीप. शाळेत शिवण शिकवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी अशा तीन चिंध्या, एक बरी आणि दोन बिघडलेल्या, पुठ्ठ्यावर लावून वर्गात टांगाव्यात. मुलांच्या ते चटकन ध्यानात येतं.

दोरा सारखा तुटत असेल तर ताण, सुईचं नेढं आणि खुद्द रीळ तपासा. वर्षानुवर्षं फडताळात पडलेला दोरा हातानंही तटकन तुटतो. सुई मोडते ती बहुधा कापड मागून ओढल्यानं. कापड पुढं सरकवायचं काम खालच्या दात्यांचं आहे, आपण फक्त वाट दाखवायची. कापड सरकतच नसेल तर सुईखालची पट्टी काढा. दात्यांच्या मध्ये तुसांचं जाजम जमलेलं असतं. ब्रशानं काढून टाका.

राहता राहिलं तेल. घरात खोबरेल हाताशी असतं, म्हणून तेच घालतात. थंडीत ते थिजतं, एरवी चिकट होतं, आणि मशीन जड चालू लागतं. मशीनचंच पातळ तेल आणावं, प्रत्येक भोकात एकच थेंब. आधीचं तेल घट्ट झालं असेल तर थेंबभर रॉकेल सोडून मशीन थोडं चालवावं, नीट पुसावं, मग तेल द्यावं. चूल आणि दिवा लांब ठेवावा. तेल दिल्यावर पहिली टीप चिंधीवरच मारा, डाग येईनासे होईपर्यंत. मग मुलाचा पांढरा सदरा घ्या.