मतदानयंत्राची पारख

२६ एप्रिल २०२४ रोजीं बुलढाणा मतदारसंघांत लोकसभेचें मतदान चालू असतांनाच सर्वोच्च न्यायालयानें मतदानयंत्रांविषयींचा निर्णय दिला.

यंत्राच्या नमुन्याला सरकारी गुणवत्ता-प्रमाणन संचालनालयाचा दाखला लागतो. पुढें जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं, पक्षप्रतिनिधींना पाचारण करून, कारखान्याचे अभियंते एकेक यंत्र तपासतात. मतदानाच्या सकाळीं निदान ५० चांचणीमतें टाकून, मोजून, पुसून टाकतात.

न्यायालयानें कागदी मतपत्रिकेची मागणी फेटाळली. परंतु निकाल लागल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास, लेखी अर्ज केल्यास, प्रत्येक विधानसभा विभागांतील शेंकडा ५ यंत्रें तपासून घेण्याचा हक्क दिला.

विजयी उमेदवार यंत्राला क्वचितच दोष देतो. पराभूतालाही पडताळा घेतां आला, तरच दाखल्याला मोल.