कावीळ उतरली, पण कोणी उतरवली?

मुळशी तालुका भाताचा. त्याच्या पूर्वेच्या टोकाला असलेल्या मारुंजीत मात्र आता भातखाचरांपेक्षा इमारतीच जास्त नजरेत भरतात. हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून वाढलेल्या या पट्ट्यात कुठे बोअरचे पाणी, तर कुठे सोसायटीच्या दारात उभा राहणारा टँकर. पावसाळ्यात गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, की अशा कोणत्याही वस्तीत कावीळ येऊ शकते. आणि डोळे पिवळे दिसले की मजुराच्या खोलीत काय आणि दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय, सल्ला एकच मिळतो : 'काविळीवर डॉक्टरांकडे औषध नसते. गावाकडे एक जण उतरवून देतो, तिकडे जा.'

पंचाईत अशी, की या सल्ल्याचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते आणि नेहमीच्या रुग्णाला या विषाणूंवर देण्याजोगे खास औषध नाही. डॉक्टर विश्रांती सांगतात, उलटी थांबवायला गोळी देतात, रक्त तपासतात आणि आठवड्याने पुन्हा बोलावतात. पैसे देऊन 'काहीच केले नाही' असे वाटत रुग्ण घरी येतो.

उतरवणारा मात्र डोळ्यांदेखत काहीतरी करतो. कुठे नाकात रसाचे थेंब टाकतात, कुठे दंडावर डाग देतात. सर्वांत परिणामकारक दिसतो तो चुन्याच्या पाण्याचा प्रकार. रुग्णाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले जातात आणि पाणी पिवळेधमक होते. कावीळ 'निघाली'! खरे तर हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि चुना लागला की त्याला पिवळा रंग येतो. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होणार. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग जाहीरपणे करून दाखवतात. तरीही उतरवणाऱ्याकडची गर्दी ओसरत नाही, कारण तिथे जाऊन आलेली बहुतेक माणसे खरोखरच बरी होतात.

ती कशी, याचे उत्तर आजाराच्या वेळापत्रकात आहे. पाण्यातून विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे जातात. मग बारीक ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे. डोळे पिवळे होतात तोवर अनेकांचा ताप उतरलेला असतो आणि भूकही हळूहळू परतू लागलेली असते. घरचे घाबरून धावपळ करतात ती नेमकी याच सुमारास. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पिवळेपणा आपोआप ओसरतो आणि श्रेय मिळते ते शेवटी जे केले त्याला.

खरे काम त्या वेळी उजव्या बरगड्यांखाली चाललेले असते. विषाणू यकृताच्या पेशींत शिरला, तरी पेशींची मोडतोड मुख्यतः तो करत नाही. ती करते आपलीच प्रतिकारशक्ती : लागण झालेल्या पेशी हुडकून मारते. या धुमश्चक्रीत यकृताचे रोजचे काम तुंबते. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारे बिलीरुबिन हे पिवळे द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकणे हे त्यातलेच एक. ते रक्तात साठते, डोळ्यांत दिसते, लघवी गडद होते. दरम्यान, वाचलेल्या पेशी दुभागू लागतात आणि मेलेल्यांची जागा भरून काढतात. उंदराचे दोन तृतीयांश यकृत कापून काढले तरी उरलेला भाग आठवडा-दहा दिवसांत मूळच्या वजनाजवळ पोहोचतो, हे 1931 मध्येच प्रयोगाने दिसले होते. आज नातेवाइकाला यकृताचा मोठा भाग देणाऱ्या दात्याच्या बाबतीत हेच घडते. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही. उरलेला वाढतो आणि काही महिन्यांत यकृत जवळपास पूर्वीएवढे होते. शरीर स्वतःला बरे करते, याचे याहून ठसठशीत उदाहरण शरीरात दुसरे नाही. हृदयाच्या स्नायूला किंवा मज्जारज्जूला हे जमत नाही.

या विश्वासावर एक अख्खी उपचारपद्धती पुणे जिल्ह्यात उभी राहिली. मार्च 1946 मध्ये महात्मा गांधी उरुळी कांचनला आले. निसर्गोपचार गरिबांसाठी असेल तर त्याची जागा शहरात नाही, खेड्यात, असे त्यांचे मत झाले होते. आठवडाभर त्यांनी रुग्ण पाहिले. उपचार होते सूर्यस्नान, कटिस्नान, ताक-दूध, फळांचा रस, भरपूर पाणी आणि रामनाम. गांधी गेले, पण मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि आश्रम उभा राहिला. या पद्धतीचा एक भाग हल्ली फारसा कोणाला आठवत नाही. गांधींच्या निसर्गोपचारात गावाची सफाई, शुद्ध पाणी आणि शौचाची व्यवस्था येत होती. विष्ठा पाण्यात मिसळून पसरणाऱ्या काविळीवर यापेक्षा नेमके औषध नाही. आज बाजारात 'नैसर्गिक' म्हणून जे विकले जाते, ते पुड्या आणि गोळ्या.

त्याच गांधींना 12 जानेवारी 1924 च्या रात्री येरवडा तुरुंगातून ससून रुग्णालयात हलवावे लागले होते. अपेंडिक्स सुजले होते. कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. आजार काढला शल्यविशारदाने. जखम भरली ती मात्र शरीराने, आणि त्याला पुढे कित्येक दिवस लागले.

यकृताच्या क्षमतेलाही मर्यादा आहेत आणि त्या कुठे आहेत हे शोधण्यात पुण्याचा वाटा आहे. 1955-56 मध्ये दिल्लीत सांडपाणी यमुनेच्या पाण्यात मिसळून सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली होती. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने दोन दशकांनंतर तपासले गेले, तेव्हा ना ए विषाणू सापडला ना बी. 1980 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते. हाच विषाणू पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. एरवी शंभरातल्या बहुतेकांना तो सोडून देतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र त्याची लागण झाली, तर 20 ते 25 टक्के स्त्रिया दगावू शकतात. गरोदर बाईला काविळीसाठी नाकात थेंब टाकायला नेणे म्हणजे हा धोका पत्करणे.

शिवाय, पिवळे डोळे म्हणजे एकच आजार नव्हे. भातलावणीत चिखलात काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत ठणका आणि मग कावीळ दिसली, तर ती उंदरांच्या लघवीतून पसरणारी लेप्टोस्पायरोसिस असू शकते. तिच्यावर प्रतिजैविक आहे आणि ते वेळेवर मिळाले नाही तर मूत्रपिंडे बंद पडतात. पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कर्करोग, वर्षानुवर्षे गुपचूप राहिलेला हिपॅटायटिस बी किंवा सी, हे सगळे वरून सारखेच पिवळे दिसते.

वनस्पतींचे काय? भुईआवळा हे काविळीचे जुने औषध. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांवर त्याचा उत्तम परिणाम झाल्याचे मद्रासच्या संशोधकांनी 1988 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले, तेव्हा जगभर आशा निर्माण झाली. पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत तो परिणाम मिळाला नाही. आणि करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख पटवली नव्हती असे म्हटले. वाद काहीही असो, आधीच सुजलेल्या यकृतापुढे अनोळखी काढा ठेवण्यात शहाणपण नाही. मनाने घेतलेल्या पॅरासिटामॉललाही हेच लागू.

पथ्याचेही तसेच. हळद बंद, तेल बंद, फक्त उसाचा रस, हे घराघरांत चालते. रुग्णाला झेपेल ते साधे, पुरेसे अन्न हवे. उपासमारीने नव्या पेशी तयार होत नाहीत. रस्त्यावरच्या रसातला बर्फ तर कावीळ देणाऱ्याच पाण्याचा असू शकतो.

यकृत सावरते आहे की हरते आहे, हे डोळ्यांच्या रंगावरून कळत नाही. कळते ते प्रोथ्रोम्बिन टाइम या तपासणीवरून. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवते आणि त्यांतले काही थोड्याच तासांत संपतात, त्यामुळे कारखाना थांबला की लगेच उमगते. रुग्ण दिवसा झोपू लागला, रात्री जागू लागला, असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून रक्त आले, उलट्या थांबेनात, तर त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठायचे.

पाणी उकळून घेतले तर दोन्ही विषाणू मरतात. तुरटीने नुसता गाळ बसतो. गावोगावी ग्रामपंचायतीचा कर्मचारी पाण्यात टीसीएल पावडर टाकतो आणि क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोहोचले का, हे 'ओटी टेस्ट'ने पाहतो : नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. टँकरच्या पाण्याची ही तपासणी सोसायटीच्या दारातही दोन मिनिटांत होते. क्लोरीन असेल तर नळीतले पाणी पिवळे होते.