घोड्याला पाणी कोण पाजत होते?

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील एका मैत्रिणीच्या फोनवर मी 'हिदाल्गो' हा इंग्रजी चित्रपट पाहिला. तो २००४ साली प्रदर्शित झालेला. दिग्दर्शक जो जॉन्स्टन, लेखक जॉन फस्को. फ्रँक हॉपकिन्स नावाचा अमेरिकन घोडेस्वार आपल्या हिदाल्गो या मस्टँग, म्हणजे रानटी जातीच्या घोड्यासह अरबस्तानात जातो आणि तीन हजार मैलांची वाळवंटातील शर्यत अस्सल अरबी घोड्यांना मागे टाकून जिंकतो, अशी ही कथा. वाळूचे वादळ येते, टोळधाड येते, शेखची मुलगी पळवली जाते. शेखच्या भूमिकेत ओमर शरीफ हा जुना नामवंत नट आहे. चित्रपट पाहताना जेवणाची घंटा झालेलीही आम्हाला समजली नाही.

चित्रपट सत्यकथेवर आधारलेला आहे असे निर्मात्यांनीच जाहीर केले होते. माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. लिहिलेले आहे म्हणजे खरे असणार, ही समजूत मी घरूनच आणलेली. इतिहासाच्या वर्गात मला दहा मिनिटे बोलायचे होते, तेव्हा मी हॉपकिन्सचीच हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या.

दिवाळीला घरी गेले तेव्हा तीच हकीकत अण्णांना सांगितली. अण्णांचे आयुष्य बैलांमागे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "व्हय गं, आन् त्या घोड्याला पानी कोण पाजत हुतं?"

मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर ग्रंथालयात बसून शोधायला लागले.

उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला चाळीस लिटरांहून अधिक पाणी लागते. घामाने अंग थंड ठेवणारे हे जनावर, पाण्यावाचून दोन दिवसही कामाचे राहत नाही. शिवाय दाणावैरण निराळीच. तीन हजार मैल म्हणजे सुमारे ४८०० किलोमीटर. जम्मूहून कन्याकुमारीला रेल्वेने गेले तरी पावणेचार हजारांच्या आसपास भरतात. खुद्द बदाऊन लोक लांबच्या प्रवासाला घोडा वापरतच नसत. ते उंटावर बसत आणि घोडीला बाजूने दोरीने चालवत. वाटेत पाणी नसले तर तिला उंटिणीचे दूध पाजत. छापा घालायची वेळ आली की मगच घोडीवर स्वार होत. ज्या लोकांनी आपल्या घोड्या अशा जपल्या, ते दरवर्षी शेकडो घोडे वाळूत मरायला सोडतील, हे मुळातच पटण्यासारखे नाही.

बरे, शर्यत झाली असेल तर तिचा माग कोठेतरी असला पाहिजे. लेडी अ‍ॅन ब्लंट ही इंग्रज बाई खास घोड्यांच्या ओढीने १८७९ साली नज्दमधील हाइल येथे पोचली, तेथील अमीराचा तबेला तिने पाहिला आणि १८८१ साली त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. शतकानुशतके चालत आलेली शर्यत तिच्या कानांवरून कशी सुटली असती? आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. हॉपकिन्सच्या सांगण्याप्रमाणे शर्यत एडनहून सुटली, साल १८९०. ते एडन १८३९ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. मुंबई बंदरात अरबी घोड्यांचा मोठा व्यापार होता. एडनहून शंभर घोडे शर्यतीला सुटते, तर मुंबईच्या सरकारी दप्तरात आणि घोड्यांच्या सौदागरांत त्याचा बोभाटा झालाच असता.

खरी शर्यत कसा माग ठेवते त्याची दोन उदाहरणे मिळाली. १८९२ साली जर्मन व ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन व व्हिएन्ना यांच्या दरम्यान सुमारे ५८० किलोमीटरांची दौड केली. पहिल्या आलेल्या काउंट श्टारहेंबर्गने ती तीन दिवसांच्या आत पुरी केली आणि त्याचा घोडा मेला. आणखीही कित्येक घोडे मेले व त्यावरून मोठा गहजब झाला. पक्क्या रस्त्यांवर, पाणी असताना, ५८० किलोमीटरांत ही गत! दुसरी १८९३ ची, नेब्रास्कातील शॅड्रनहून शिकागोपर्यंत, सुमारे हजार मैलांची. प्रत्येक स्वाराला दोन घोडे घेण्याची मुभा होती. प्राणिदया संस्थांची माणसे वाटेत घोडे तपासत होती, वर्तमानपत्रे बातम्या छापत होती. पहिल्या आलेल्या जॉन बेरीने मार्ग आखायला मदत केली होती म्हणून त्यावर तक्रार झाली, हेसुद्धा नोंदलेले आहे. ही शर्यत जेथे संपली ते मैदान बफेलो बिलच्या प्रसिद्ध खेळाचे होते. हॉपकिन्स आपण त्याच खेळात होतो असे सांगे, पण त्या खेळाच्या नोंदींत संशोधकांना त्याचे नाव सापडले नाही. लाँग रायडर्स गिल्ड या लांब पल्ल्याच्या स्वारांच्या संघटनेने चित्रपट येण्याच्या सुमारास हे सारे उघड केले. चारशे शर्यती जिंकल्याचे सांगणारा हा माणूस १९५१ साली वारला. त्याच्या पराक्रमाचा मुख्य साक्षीदार तो स्वतःच.

एवढ्यावर मी चित्रपटाला खोटा म्हणून सोडून दिले असते. पण त्याच्या आरंभी वूंडेड नी येथील हत्याकांड दाखवले आहे, आणि ते खरे आहे. २९ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकेच्या सातव्या घोडदळाने लाकोटा लोकांवर गोळीबार केला. अडीचशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बायका-मुले पुष्कळ. शेवटी सरकार इंडियनांचे घोडे मारायला निघते असे दृश्य आहे. त्यालाही आधार आहे. १८७४ साली टेक्सासमधील पालो ड्युरो दरीत लष्कराने पकडलेले हजाराहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले होते. घोडा गेला की ती माणसे लढू शकत नाहीत, शिकार करू शकत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मला राग आला तो येथे. चित्रपटात हॉपकिन्स बक्षिसाच्या पैशाने ते घोडे सोडवतो आणि आपण डोळे पुसून उठतो. खोट्या शर्यतीचे खोटे बक्षीस खऱ्या घोड्यांना सोडवते! पालो ड्युरोचे घोडे कोणी सोडवले नाहीत. आणि शर्यत बनावट निघाली की ऐकणारा वूंडेड नीसुद्धा बनावटच समजायचा. माझ्या वर्गातील एकाने मला नेमके तेच विचारले, "मग ते गोळीबाराचे पण खोटेच ना?"

तोपर्यंत मी सरांची परवानगी घेऊन पुन्हा वर्गात उभी राहिले होते. पूर्वी सांगितलेले मागे घेतले. या वेळी टाळ्या नव्हत्या. त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यातच तास संपला.

अण्णांना फोनवर सगळे कळवले. चित्रपटातले घोडे मात्र खरेच होते, आणि त्यांतला एक नायकाचे काम करणाऱ्या व्हिगो मॉर्टेन्सनने चित्रीकरण संपल्यावर स्वतः विकत घेतला, हेही सांगितले. अण्णांनी विचारले, "ठेवलाय कुठं? वैरण बरी हाय का तिथली?"