एकाच आवारातील दोन कार्यसंस्कृती

नवीन पनवेलच्या पिल्लई संकुलात वास्तुरचनेचे महाविद्यालय आणि व्यवस्थापनाची संस्था एकाच आवारात आहेत. येथून बाहेर पडणारे दोन तरुण उद्या एकाच गृहप्रकल्पावर काम करू शकतात. पण 'काम झाले' या दोन शब्दांचा अर्थ मात्र दोघांच्या लेखी वेगळा असतो.

वास्तुरचनेचा विद्यार्थी स्टुडिओत घडतो. त्याचे अर्धेमुर्धे आराखडे भिंतीवर लागतात आणि 'ज्युरी'पुढे त्यांची यथेच्छ चिरफाड होते. अपुरे काम दाखविण्यात तेथे कमीपणा नाही. पहिल्याच कल्पनेला कवटाळून बसणे हा खरा दोष. व्यवस्थापनाच्या वर्गात 'केस' समोर येते. माहिती तुटपुंजी असते, तरीही निर्णय द्यावा लागतो, तोही आकड्यांच्या आधारे. एकाची प्रतिष्ठा प्रश्न खुला ठेवण्यात, तर दुसऱ्याची तो मिटविण्यात. याला आपण स्वभावभेद म्हणतो, पण बव्हंशी हा संस्कार असतो. गंमत अशी, की राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि भारतीय व्यवस्थापन संस्था या दोन्ही १९६१ मध्ये अहमदाबादेतच स्थापन झाल्या. पहिलीमागे ईम्स दांपत्याचा १९५८ चा अहवाल होता, तर दुसरीच्या जडणघडणीत हार्वर्डचे साह्य.

हा भेद विटामातीत पाहायचा तर पनवेलहून बेलापूरला जावे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे एकेकाळी मुख्य वास्तुरचनाकार असलेल्या चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तेथे 'आर्टिस्ट व्हिलेज' उभारले. सात-सात घरे एका अंगणाभोवती. दोन घरांत सामाईक भिंत नाही. कुटुंब वाढेल तसे शेजाऱ्याला न विचारता घर वाढविता यावे, हा हेतू. म्हणजे रचनाकाराने घर जाणूनबुजून 'अपुरे' सोडले. रहिवाशांनी पुढे ती वाढविली; अनेकांनी तर मूळ घर पाडून मोठी घरे बांधली.

व्यवस्थापकाच्या तक्त्यात हे बसविणे कठीण. घरे किती, दर काय, ताबा कोणत्या तारखेला, हे त्याचे प्रश्न. ते क्षुद्र मुळीच नाहीत. भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणाऱ्याला तारखेचे मोल विचारावे! अडचण वेगळीच आहे. तारखेला आणि दराला तक्त्यात रकाना असतो, 'वीस वर्षांनी हे घर कसे वापरले जाईल' याला नसतो. त्यामुळे बैठकीत काटछाट सुरू झाली, की पहिली कात्री त्यावरच चालते. रचनाकारही तेथे सौंदर्याची भाषा बोलत राहतो आणि हरतो.

त्याने प्रत्येक पर्यायापुढे खर्च लिहावा आणि व्यवस्थापकाने निविदा निघण्यापूर्वी एखाद्या ज्युरीला बसावे, एवढे तरी नवीन पनवेलच्या त्या आवारात सहज जमण्यासारखे आहे. कागदावरची भिंत खोडरबराने सरकते. स्लॅब पडल्यानंतर तिला हात लावणे कोणालाच परवडत नाही.