महाराजबाग : राजाची आणि रयतेची

श्रोतेहो, नागपुरात राहून महाराजबाग पाहिली नाही असा माणूस विरळाच. पण ही बाग मुळात कुणाची, हे आत शिरताना कितीजणांना आठवते? ही नागपूरकर भोसल्यांची बाग. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. मग काय झाले? राजाचे हत्ती, घोडे, बैल इथे शेजारीच सीताबर्डीवर लिलावात निघाले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले बघता बघता पांगले.

बाग तेवढी जागेवर राहिली. १८९४ साली तिच्यात प्राणिसंग्रहालय सुरू झाले. आज ते कृषी विद्यापीठाकडे आहे. त्याआधी, १८६३ मध्ये, मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, निघाला होता. शिलालेख, जुनी शस्त्रे, पेंढा भरलेले पशुपक्षी तिथे पाहायला मिळतात. दोन्ही ठिकाणे जवळजवळच आहेत. तेव्हा एकाच दिवशी पाहावीत. ऊन चढण्यापूर्वी बाग, दुपारी सावलीत अजब बंगला. सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्यावा, बरे का!

मुले बरोबर असली तर त्यांना एवढे सांगावे : पिंजऱ्यापुढे ओरडू नये, जनावरांना खायला टाकू नये, झाडाची फांदी मोडू नये. राजाचा संग्रह लिलावात गेला तेव्हा रयतेला कुणी विचारले नव्हते. आताचा ठेवा रयतेचाच आहे. तो पांगला, तर जाब आपल्यालाच द्यावा लागेल.