गाठ मारलेली काळी पिशवी

भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, ताटातले खरकटे. घरच्या या ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असते. डब्यात काळी पिशवी लावायची, रात्री तिला गाठ मारायची आणि सकाळी घंटागाडीत टाकायची, ही शहरी घरांची सवय झाली आहे. नुकसान सुरू होते ते त्या गाठीपासून.

कचरा कुजवणारे जिवाणू बंद पिशवीतला प्राणवायू बघता बघता संपवतात. मग प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचे फावते. ते ब्युटिरिक आम्ल, हायड्रोजन सल्फाइड असे पदार्थ तयार करतात. पिशवीचे तोंड सोडताच येणारा भपकारा त्यांचाच. हाच कचरा हवा खेळती ठेवून रचला, तर ढिगाच्या आत ५५-६० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण होते आणि काही महिन्यांत त्याचे भुसभुशीत खत होते. पिशवीसकट कचराभूमीत दबला, की मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक ठरतो, शिवाय तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला आग लागली, तेव्हा धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले होते.

पिशवीचे पॉलिथिन जेमतेम काही ग्रॅमचे असेल, पण तेवढ्याने किलोभर चांगला ओला कचरा खतासाठी निकामी होतो. खतप्रकल्पात पिशवी फाटली, तर तिचे कपटे खतात मिसळतात आणि शेतापर्यंत पोहोचतात. रस्त्यावरच्या गायी खरकट्याच्या वासाने पिशवीच गिळतात. तिचे रवंथ होत नाही, ती पुढेही सरकत नाही. पोटात साचत जाते. शस्त्रक्रिया करून एकेका गायीच्या पोटातून वीस-तीस किलो प्लास्टिक काढावे लागले आहे.

आणि गाठ सोडावी लागते माणसालाच. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार फिरून कचरा घेतात. काळ्या पिशवीत फुटलेली काच आहे, ब्लेड आहे की वापरलेले सॅनिटरी पॅड, हे वरून दिसत नाही. हात घातल्यावरच कळते. हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

‘कंपोस्टेबल’ पिशव्यांवर फार विसंबू नये. त्यांची प्रमाणित चाचणी ५८ अंशांच्या आसपास, मोठ्या खतप्रकल्पासारख्या परिस्थितीत होते. बाल्कनीतल्या कुंडीत किंवा नाल्याच्या पाण्यात ती उष्णता कुठून येणार? नुसते ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी तर साधे प्लास्टिकच. ते तुकडे होऊन विखुरते.

घरच्या ओल्या कचऱ्याला पिशवी लागतच नाही. खरकटे जाळीत निथळू द्यावे, डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी घालावी, सकाळी डबा थेट घंटागाडीत रिता करून विसळावा आणि उन्हात पालथा घालावा. पाणी निघून गेले, की वास बराच कमी होतो. सॅनिटरी पॅड मात्र कागदात गुंडाळून, वर ठळक लाल ठिपका काढून वेगळे द्यावे.