बाळाची खरेदी थोडी, बाबांची तयारी मोठी

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत खान्देशात आजही पाळली जाते. डोहाळजेवण झाले की सून माहेरी जाते आणि मेहरूणच्या घरात होणारा बाबा मोबाइलवर आलेली खरेदीची यादी घेऊन उरतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, बाळ येण्याआधी काही आणू नये. मित्र म्हणतात, पाळणा, बाटली, वॉकर सगळे आताच घेऊन टाक. फुले मार्केटमध्ये फेरी मारण्याआधी बाबाने ही यादी एकदा तपासून घ्यावी.

लागते ते थोडेच
पुढून बांधायची सुती झबली, लंगोट, टोपरे, पायमोजे आणि मऊ दुपटी एवढ्यात सुरुवातीचे दिवस निभतात. घरातल्या जुन्या सुती लुगड्याची, धुऊन उन्हात वाळवलेली दुपटी नव्याइतकीच चांगली. त्याला घरच्यांची हरकतही नसते. जन्मानंतर लगेच बाळ गार पडू शकते, म्हणून टोपरे हवेच. पण जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उकाड्यात घरी एक सुती झबले पुरते. बाळाची छाती, मान तापलेली लागली तर कपडे कमी करावेत. उन्हाळा असला तरी पहिले सहा महिने वरचे पाणी नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

हे यादीतून खोडा
दुधाची बाटली आधीच आणून ठेवू नये. बाटली आणि पावडरच्या दुधाची जाहिरात, मोफत नमुने व भेटवस्तू यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, त्यातील जिवाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. काजळात शिसे असू शकते. राईची उशीही नको. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे झोपवावे. चाकांच्या वॉकरमुळे होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली.

पैशाने न मिळणारी तयारी
माहेर यावल, चोपड्याकडच्या गावात असेल, तर रात्री कळा सुरू झाल्यावर कोणत्या रुग्णालयात जायचे, गाडी कोण काढणार, रक्त लागल्यास कोण देणार, हे बाबाने सासरच्या मंडळींशी बोलून आधीच ठरवावे. तपासणीची फाइल आणि कपड्यांची पिशवी दाराजवळ असावी. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि घरी सोडण्याची गाडीही मोफत आहे. त्यासाठी १०२ क्रमांक, तातडीच्या वेळी १०८.

बाबाची छाती
कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. आई थकलेली असेल, सिझेरियन झाले असेल, तर हे काम बाबाही करू शकतो. शर्टाची बटणे काढावीत. बाळाला फक्त लंगोट आणि टोपरे घालून उभे, छातीला छाती लावून धरावे. मान एका बाजूला वळवावी आणि नाक-तोंड मोकळे ठेवावे. वरून दुपटे गुंडाळावे.

या खुणा लिहून ठेवा
बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडले आहे, अंग गार किंवा तापलेले लागते, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास चालतात, छाती आत ओढली जाते, झटके येतात, पहिल्याच दिवशी अंग पिवळे दिसते किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होतात, यातली एक जरी खूण दिसली तरी घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे. खरेदीची यादी आठवड्यात संपते. ही यादी मात्र पहिला महिनाभर बाबाच्या खिशात असावी.